बोलून काय होणार? समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय घडतं

छातीत धडधडतं, डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, रात्री तीनला जाग येते आणि मग काही केल्या डोळा लागत नाही. बेळगाव जिल्ह्यात निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही डॉक्टरला विचारा, ही तक्रार घेऊन येणारी माणसं त्यांना नवीन नाहीत. ईसीजी काढतात, रक्त तपासतात, थायरॉईड बघतात. सगळं नॉर्मल येतं. मग एखादं सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि निघताना डॉक्टर सांगतात, "टेन्शन घेऊ नका." टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे विचारायला बाहेरच्या रांगेमुळे वेळ नसतो.

ते विचारायची आणि शिकायची जागा म्हणजे समुपदेशन. आपल्या भागात लोक सर्रास काउन्सेलिंग म्हणतात, तसं म्हटलं तरी चालेल. त्याबद्दलचे दोन समज घरोघरी ऐकू येतात. एक, ते वेड लागलेल्यांसाठी असतं. दुसरा, तिथे चार समजुतीच्या गोष्टी सांगतात, त्या काय आमचा मामाही सांगतो. मला दुसरा समज जास्त नुकसान करणारा वाटतो. पहिल्या समजामुळे माणूस जायला लाजतो, दुसऱ्यामुळे त्याला जावंसंच वाटत नाही. म्हणून 'बोलून काय होणार?' या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, आणि त्यासाठी त्या खोलीत डोकावायला हवं.

निपाणी भागातली पन्नाशीकडे झुकलेली एक बाई डोळ्यांसमोर आणूया. ही कुणी एक खरी बाई नाही, अशा अनेकींच्या तक्रारी एकत्र करून तिला उभं केलं आहे. नवरा गेला, मुलाने टेम्पोसाठी कर्ज काढलं, टेम्पो नीट चालला नाही. हिने फायनान्सच्या गटातून पैसे उचलले. दर सोमवारी हप्ता. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं, तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. गेले काही महिने हात चालत नाहीत, विड्या कमी होतात, मजुरी कमी येते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून तिला काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं आहे.

मॅडम आजाराचं नाव विचारत नाहीत. कालचा दिवस विचारतात.

"काल जाग कधी आली, मावशी?"

"तीनला. रोज तीनलाच की."

"जाग आल्यावर पहिलं काय झालं?"

"काय हुणार? धडधडाय लागलं."

"आणि धडधडायच्या आधी मनात काय आलं होतं?"

बाई गप्प बसते. मॅडमही गप्प बसतात. घरात कुणी असं गप्प बसू देत नाही, लगेच "जाऊ दे, सोड" म्हणून विषय संपवतात. इथे मुद्दाम जागा सोडलेली असते.

"सोमवार आठवला," ती सांगते. "तो वसुलीवाला दारात हुबा ऱ्हाऊन वरडतो. सगळी गल्ली बघतीया."

इथे उपचार सुरू झालेला आहे. तोवर तिच्या लेखी धडधड कुठून तरी येत होती. बाहेरचं काही लागलंय का, हार्टचं काही आहे का, अशा शंका होत्या. आता तिने स्वतःच्या तोंडाने एक साखळी जोडली: सोमवारची आठवण, मग भीती, मग धडधड. पुढचं मॅडम सांगतात, कारण ते शरीराचं शास्त्र आहे. भीती वाटली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर आणि वरवरचा होतो. असा श्वास चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे हातापायाला मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की माणसाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि भीती आणखी वाढते. ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास खोटा नव्हता. हृदय धडधाकट होतं आणि भीतीही खरी होती. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, इतका साधा सराव त्या चक्राला खीळ घालतो, आणि तो तिथेच खुर्चीत बसून करून घेतात.

पुढच्या एखाद्या भेटीत ती म्हणते, "गल्लीत माझी लाज गेली. आता जगून तरी काय उपयोग?"

हे वाक्य प्रशिक्षित समुपदेशक तसंच जाऊ देत नाही. सरळ विचारतो: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, काही ठरवलं आहे का? आपल्याला वाटतं की असं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. तसं होत नाही. विचारल्याने आत्महत्येचा धोका वाढत नाही, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं कुणीतरी बघितलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं होतं. उत्तर 'हो' असेल तर गोष्ट वेगाने पुढे जाते: घरच्या एका विश्वासू माणसाला सोबत घ्यायचं, मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं, शेतीची विषारी औषधं घरातून हलवायची किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. असा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात औषधाचा डबा हाताशी नसणं, यानेच कितीतरी जीव वाचतात. ऊस, सोयाबीन आणि भाजीपाल्याच्या आपल्या भागात औषधाचा डबा नाही असं घर शोधावं लागेल, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

बाईच्या बाबतीत तसं काही ठरलेलं नव्हतं. मग मॅडम लाजेच्या वाक्याकडे वळतात.

"गल्लीत आणखी कुणाकुणाच्या घरी हप्ता आहे?"

ती बोटांवर मोजते. एका हाताची बोटं पुरत नाहीत.

"वसुलीवाला त्यांच्या दारात ओरडतो तेव्हा त्यांची लाज गेली असं तुम्हाला वाटतं?"

"न्हाई वो. बिचाऱ्यास्नी वाईट वाटत आसंल."

"मग लाज जायचा नियम फक्त तुमच्यापुरताच कसा?"

बघा, मॅडमनी "लाज वाटून घेऊ नका" असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि घरी जाऊन पुन्हा रडली असती. तिचं जे मत तिला आतून खात होतं ते टेबलावर ठेवलं आणि तिच्याच अनुभवाने तपासायला लावलं. माणसाला घटना जितकी छळते त्याहून जास्त त्या घटनेला त्याने लावलेला अर्थ छळतो, या धाग्यावर अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उपचारपद्धती उभ्या केल्या. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. १९४० आणि १९५० च्या दशकांत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली होती: ऐकणारा माणूस समोरच्याला जोखत नसेल, खोटा वागत नसेल आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेत असेल, तर तेवढ्यानेही माणूस बदलायला लागतो. आज बहुतेक समुपदेशक यातलं थोडं थोडं घेऊनच काम करतात.

पण हप्त्याचं काय? खरा प्रश्न तोच. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, आणि फिटतं असं कुणी सांगितलं तर त्या खोलीतून उठून यावं. समुपदेशक करू शकतो ते असं: डोक्यात गोळा होऊन बसलेल्या संकटाचे तुकडे पाडायला मदत. कुणाचं किती देणं आहे, कुठलं आधी, मुलाशी यावर एकदा तरी बोलणं झालंय का, फायनान्स कंपनीकडे हप्ता लांबवून मागता येईल का, हे कागदावर लिहायचं. २०२५ मध्ये कर्नाटकाने छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी दमदाटी आणि छळ करण्याविरुद्ध कायदा केला आहे. दारात येऊन शिवीगाळ करणाऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते, हे ठाऊक झालं की सोमवारकडे बघायची नजर बदलते. घाबरलेल्या माणसाला असल्या वाटा दिसत नाहीत. त्याचं डोकं फक्त धोका बघण्यात गुंतलेलं असतं. मन थोडं निवल्यावर तोच माणूस व्यवहाराचे प्रश्न चांगले सोडवतो.

आणखी एक काम मॅडम देतात, जे वरवर अगदीच किरकोळ वाटेल. ही बाई पूर्वी गुरुवारी भजनाला जायची. लोक काय म्हणतील म्हणून बंद केलं. मग घरात बसून तेच विचार, मग आणखी उदास, मग आणखी बाहेर नको. मॅडम म्हणतात, या गुरुवारी जा, गायचं नाही, दाराजवळ बसायचं, अर्ध्या तासाने उठून आलात तरी चालेल. मन लागेल तेव्हा जाईन, असं आपण म्हणतो. उदासीत हे उलटं चालवावं लागतं: आधी जायचं, मन मागाहून येतं.

याला पुरावा आहे का? आहे, आणि तो फार लांबचा नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या मंडळींनी एक अभ्यास केला. समुपदेशक म्हणून त्यांनी डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ घेतले नाहीत, नीट प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसं घेतली. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय ६ ते ८ बैठका, ज्यांचा मुख्य गाभा हाच: सुटलेली कामं, सुटलेल्या भेटीगाठी थोड्या थोड्या परत सुरू करणं. तीन महिन्यांनी बघितलं तर बैठका मिळालेल्या गटातल्या ६४ टक्के लोकांची लक्षणं लक्षणीय कमी झाली होती, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घाटाच्या खालच्या, आपल्यासारखीच घरं-माणसं असलेल्या गावांत हे घडलं आहे, म्हणून मला त्याचं मोल मोठ्या शहरातल्या कुठल्याही अभ्यासापेक्षा जास्त वाटतं. आणि त्यात एक प्रामाणिक गोष्टही दिसते: प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. आला नाही तर पद्धत बदलावी लागते, कधी समुपदेशक बदलावा लागतो, कधी औषध जोडावं लागतं.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न, भाषेचा. बेळगावचा मराठी माणूस दिवसाला तीन भाषा सहज फिरवतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात हिंदीसकट तिन्हींची भेळ. केसपेपर कन्नडमध्ये असला तरी आपण निभावून नेतो. पण सुनेचं बोलणं काळजाला कसं लागलं, बापाच्या शेवटच्या दिवसांत आपण त्याच्यावर कसे खेकसलो, हे शिकलेल्या भाषेत सांगता येत नाही. शब्द सापडले तरी त्यातला जीव निघून जातो. समुपदेशनाचं सगळं काम बोलण्यातून चालतं, म्हणून "मला मराठीत बोलायचं आहे" हे सुरुवातीलाच सांगायला संकोच करू नका. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे आणि त्याबद्दल प्रत्येकाचं मत असेल, पण ही मागणी कुणाविरुद्ध नाही. बेळगावात कन्नड घरातले कितीतरी डॉक्टर आणि समुपदेशक उत्तम मराठी बोलतात.

मराठी येणारं कुणीच मिळालं नाही तर दुभाष्या लागतो. तेव्हा एक पथ्य पाळा: शाळकरी मुलीला किंवा सुनेला दुभाषी करू नका. आई आपल्या मुलीच्या तोंडून "मला जगावंसं वाटत नाही" हे कधीच वदवून घेणार नाही. ती म्हणेल, "सांग, जरा अंग दुखतंय." दवाखान्यातल्या सिस्टर किंवा आशाताई यांच्यापैकी कुणाला बसवता आलं तर पुष्कळ बरं.

पुरुषांचं काय? उद्यमबागेतला फौंड्रीचा कामगार किंवा वडगावचा विणकर "मला उदास वाटतंय" असं म्हणत नाही. त्याचं चिडणं वाढतं, पिणं वाढतं, तो लेकरांवर हात उगारतो. दारूमागे बऱ्याचदा झोप न येणं आणि काळजी असते, आणि दारू दोन्ही वाढवते. बायकोने एकटीने त्याला ओढून नेणं कठीण असतं, पण तिने स्वतःसाठी समुपदेशन घेतलं तर त्याच्याशी कधी बोलायचं, कधी नाही, आपला आणि मुलांचा बचाव कसा करायचा, हे तिला ठरवता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. अल्पवयीन मुलांसाठी १०९८.

दहावी, बारावीच्या निकालाच्या दिवसांत आणि मराठी शाळेतून थेट इंग्रजी-कन्नड कॉलेजात गेलेल्या मुलांच्या पहिल्या वर्षात पालकांनी विशेष लक्ष ठेवावं. हुशार मूल अचानक गप्प झालं तर ते आळशी झालं असं लगेच ठरवू नका.

देवर्ष्याकडे जाणाऱ्यांना मी हसत नाही. माणूस घाबरलेला असतो आणि तिथे कुणीतरी त्याचं ऐकून घेतं. देवाला नारळ ठेवा, यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन या, समुपदेशक तुमची श्रद्धा सोडायला सांगणार नाही. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारत असेल, उपाशी ठेवत असेल, चालू गोळ्या बंद करायला लावत असेल, तर आजारी माणसाला तिथून उठवून आणा.

गोळ्यांवरून आठवलं. समुपदेशन कुठे पुरत नाही हेही माहीत हवं. कानात आवाज येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी पक्की खात्री होणं, झोप न घेता दिवसच्या दिवस अति उत्साहात राहून पैसे उधळणं, खाणं-पिणं पूर्ण सुटणं: इथे आधी मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांचे एमडी डॉक्टर, आणि औषधं. समुपदेशन जोडीला. समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. त्याने गोळ्या लिहिल्या, ताईत दिला, शिबिराचे मोठे पैसे आगाऊ मागितले किंवा भेटीबाहेर सलगी वाढवली तर तिथे परत जाऊ नये. शिक्षण काय, प्रशिक्षण कुठे झालं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते.

"उद्या सगळ्या गावात होईल" ही भीती लहान गावात खरी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. कुणाच्या जीवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर समुपदेशकाला योग्य ठिकाणी सांगावं लागतं, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत बोलून ठेवतो. याच कायद्याने आणखी एक मोठा बदल केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नाही आणि त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारची. दवाखान्यात नोंद होते, पण तिला घाबरून काय प्यायलं ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्या विषारी औषधाचा डबाच सोबत न्या.

जायचं कुठे? सगळ्यात जवळची वाट फोनची. टेली-मानस, नंबर १४४१६, सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिच्या कामात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचा मोठा वाटा आहे. कन्नड, मराठी दोन्ही भाषा आहेत. भाषा निवडा किंवा फोन उचलणाऱ्याला मराठीसाठी सांगा. जिल्ह्यात बेळगावच्या सरकारी बिम्स रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धारवाडला डिम्हान्स ही याच कामाची मोठी सरकारी संस्था आहे, निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर किंवा मिरजेचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. तालुका रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात, तो वार तिथेच विचारून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून राबवला जातो आणि त्याचा नमुना आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात घडला, त्यामुळे ही सेवा मागणं म्हणजे कुणाचे उपकार मागणं नाही.

एक भेट साधारण पाऊण तासाची असते, सरकारी ठिकाणी गर्दीमुळे थोडी आखूडही. सुरुवातीला आठवड्याला एकदा, मग अंतर वाढवत नेतात. दोन-तीन भेटींत मन थोडं मोकळं होतं, सवयी बदलायला त्याहून जास्त लागतात. पहिल्याच दिवशी सगळं सांगून झालं पाहिजे असं नाही, कुठून सुरुवात करू कळत नाही एवढंच म्हणून गप्प बसलात तरी चालतं. जाताना आधीच्या तपासण्यांची फाईल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या तेवढ्या सोबत घ्या.